खारीचा वाटा

चैत्र-वैशाखाचे दिवस आले, की पुण्यातील पेठांमधून गच्च्या गजबजू लागतात. धुतलेल्या लुगड्यांवर आणि चादरींवर कुरडया, सांडगे, पापड, बटाट्याचा कीस असे नाना तऱ्हेचे वाळवण पसरले जाते आणि घरातील एखाद्या मुलाला हाती काठी देऊन राखणीस बसवले जाते. मुलाचे सारे लक्ष कठड्यावरच्या कावळ्यांकडे असते. इतक्यात पाण्याच्या नळावरून एक करड्या रंगाचा चपळ जीव सरसर वर येतो, दोन पायांवर क्षणभर उभा राहतो, एक सांडगा तोंडात धरतो आणि आला तसाच दिसेनासा होतो. काठी उगारण्यास अवधीच मिळत नाही. हा जीव म्हणजे खार.

खारीविषयी आपल्या मनात मूळचाच लोभ असतो. लहान मुले तिला खारूताई म्हणतात. रामाच्या सेतूसाठी तिने अंगाला वाळू लावून आणली आणि रामाने कौतुकाने तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. मोठ्या कामातील अल्पशा पण मनापासून केलेल्या मदतीला आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो, तो या कथेमुळेच. परंतु ज्याने कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरलेली माती पाहिली, किंवा ज्याच्या दारातील पेरू पिकण्याच्या आदल्या दिवशीच अर्धा खाल्ला गेला, त्याला खारीचा वाटा फार मोठा वाटू लागतो. मग तो उपायांच्या शोधास लागतो. शेजारी, नातेवाईक, माळी असा प्रत्येकजण एकेक उपाय सांगतो. त्यांतील काही उपाय खरोखर उपयोगी पडतात, काही चार दिवस टिकतात आणि काही तर खारीपेक्षा घरातील माणसांनाच अधिक अपायकारक ठरतात. यांतील निवड करावयाची, तर प्रथम खार कशी जगते हे समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात घराजवळ दिसणाऱ्या खारी दोन जातींच्या आहेत. एकीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात, तर दुसरीच्या पाठीवर पाच. पाच पट्ट्यांपैकी कडेचे दोन अंधुक असल्यामुळे घाईने पाहणाऱ्यास ते दिसत नाहीत. तीन पट्ट्यांची खार मुख्यतः दक्षिणेकडील, तर पाच पट्ट्यांची उत्तरेकडील प्रदेशांत अधिक आढळते. रामकथेतील खार अर्थातच तीन पट्ट्यांची! शेपटी सोडली, तर तिचे शरीर वीतभरही नसते आणि वजन सुमारे शंभर ग्रॅम असते. पुणे जिल्ह्यातच भीमाशंकरच्या जंगलात तिचे एक थोरले भावंड राहते. त्याचे नाव शेकरू. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ते जवळजवळ एक मीटर लांब भरते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर हे अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू घनदाट जंगलाबाहेर सहसा येत नाही. छोट्या खारीने मात्र माणसाच्या शेजारी राहण्याचे पत्करले. एम्प्रेस बागेतील जुने वृक्ष तिला जसे मानवतात, तशीच वाड्याची वळचणही मानवते. वाडे पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तिने विजेच्या तारांवरून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाण्याची वाट शोधून काढली.

खारीचे तीन अवयव ध्यानात ठेवावे : पाय, दात आणि नाक. तिचे मागचे पाय घोट्यात मागे वळू शकतात. म्हणूनच ती झाडावरून डोके खाली करून उतरू शकते आणि उभा नळ किंवा खडबडीत भिंत तिला पायवाटेसारखी वाटते. मात्र तिची सारी मदार नखांवर असते. जेथे नख रुतत नाही, तेथे ती घसरते.

दातांची गोष्ट याहून नवलाची आहे. उंदराप्रमाणे खार हाही कुरतडणारा प्राणी आहे. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्या दातांच्या पुढील बाजूसच काय ते कठीण आवरण असते. मागील बाजू मऊ असल्याने ती लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार येते. सतत काहीतरी कुरतडले नाही, तर हे दात वाढून तिला खाणेच अशक्य होईल. तेव्हा खार प्लॅस्टिकची नळी किंवा लाकडी चौकट कुरतडते, ती काही खोडसाळपणाने नव्हे. उन्हाळ्यात ठिबक सिंचनाच्या नळ्या फोडण्यामागे तहान हेही कारण असते.

आता उपायांकडे वळू. घरगुती उपायांत पहिला मान मिरचीचा आहे. मूठभर तिखट मिरच्या आणि लसणाचा एक गड्डा ठेचून पाण्यात उकळावा, पाणी गार झाल्यावर फडक्यातून गाळावे, त्यात साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालावे आणि ते कुंडीच्या कडांवर, कठड्यावर व झाडाच्या खोडावर शिंपडावे, असा हा उपाय आहे. साबण कशासाठी, असा प्रश्न पडेल. मिरचीतील तिखट द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. ठेचा खाऊन तोंड पोळले असता पाणी पिऊन आग शमत नाही, परंतु दही खाल्ल्यावर शमते, याचेही कारण हेच. साबणामुळे हे द्रव्य पाण्यात मिसळते आणि पानांना धरून राहते.

येथे एक मौज आहे. तिखटाने तोंड भाजते असे आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरे आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी फार उष्ण वस्तूची सूचना देणारी सूक्ष्म ग्रहणकेंद्रे असतात. कॅप्सेसिन नेमके त्याच केंद्राला जाऊन चिकटते आणि मेंदूला वाटते, की तोंडात निखारा आहे. हे केंद्र १९९७ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्रहणकेंद्रांविषयीच्या संशोधनाबद्दल ज्यूलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाप्रमाणे खारही सस्तन प्राणी असल्याने मिरची तिलाही झोंबते. पक्ष्यांच्या शरीरातील केंद्र मात्र कॅप्सेसिनला जुमानत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत कशी खातो, याचे कोडे येथे उलगडते. मिरचीच्या झाडाला हे सोयीचेच आहे. सस्तन प्राणी बी चावून टाकतात, तर पक्षी ते गिळतात आणि दूरवर नेऊन टाकतात. गच्चीत चिमण्यांसाठी दाणे ठेवणाऱ्यांनाही या भेदाचा उपयोग होतो. दाण्यांना मिरचीचे पाणी लावून ते वाळवले, तर चिमण्या ते निर्धास्तपणे टिपतात आणि खार पहिल्याच घासाला माघार घेते.

असे असले, तरी मिरचीच्या पाण्याला दोन मर्यादा आहेत. पुण्यास जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची ये-जा असते. एक सर आली, की शिंपडलेले सारे धुऊन जाते. उन्हाळ्यातसुद्धा आठवड्यातून एकदा-दोनदा ते पुन्हा शिंपडावे लागते. दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. काही लोक पाण्याऐवजी तिखटाची कोरडी पूडच कुंडीत पसरतात. ती खारीच्या पंजांना लागते. खार पंजांनी तोंड पुसते आणि पूड तिच्या डोळ्यांत जाते. वारा सुटला, तर ती शेजारच्या मुलाच्या डोळ्यांतही जाईल. म्हणून पूड कधीही वापरू नये. पाणी शिंपडतानासुद्धा वाऱ्याकडे पाठ करावी, हात साबणाने धुवावे आणि ज्या फळांवर ते उडाले असेल, ती धुतल्याखेरीज खाऊ नयेत.

वासाच्या उपायांची यादी लांबलचक आहे : पुदिन्याचा रस, निलगिरीचे तेल, हिंगाचे पाणी, कापूर. खारीचे नाक तीक्ष्ण असते, त्यामुळे अनोळखी उग्र वास आला, की ती थबकते खरी. परंतु वास उडून जातो, आणि उडून गेला नाही तरी खारीला त्याची सवय होते. ज्या वासामागून कोणतेही संकट येत नाही, त्याला ती भीत नाही. बुजगावण्याचे आणि चकाकणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. पहिले दोन दिवस खार दुरून शेपटी उडवीत ‘चिक् चिक्’ असा कल्लोळ करते, तिसऱ्या दिवशी जरा जवळ येते आणि आठवड्याने त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर बसून पेरू खाते. पट्ट्यांची जागा दर दोन दिवसांनी बदलली, तर हा काळ थोडा लांबतो, इतकेच.

यादीतील एका वस्तूविषयी मात्र स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कपाटात ठेवण्याच्या डांबरगोळ्या कुंड्यांत टाकण्याची अनेकांना सवय असते. डांबरगोळी विषारी असते. ती साखरेच्या गोळीसारखी दिसते आणि लहान मूल ती सहज तोंडात घालते. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका द्रव्याची उणीव असते. अशा मुलांना तर तिच्यामुळे गंभीर आजार होऊ शकतो. ज्या मातीत भाजी वाढते, त्या मातीत हिला थारा असता कामा नये. उंदरांसाठी मिळणारे विष आणि चिकट कागद हेही याच वर्गातले. विष खाल्लेली खार एखाद्या मांजराच्या किंवा घुबडाच्या पोटात गेली, तर त्याचाही बळी जाण्याचा संभव असतो. चिकट कागदावर अडकलेला प्राणी तर तासन्‌तास तडफडत राहतो. शिवाय भारतात १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव त्याच्या एका अनुसूचीत आले, हेही विसरता येत नाही.

खारीला पिंजऱ्यात पकडून दूर नेऊन सोडावे, असे पुष्कळांना सुचते. वरवर पाहता हा उपाय दयाळूपणाचा वाटतो. परंतु ज्या टेकडीवर तिला सोडले, तेथली ढोली, पाणी, शत्रू यांपैकी कशाचीच माहिती तिला नसते. इकडे रिकाम्या झालेल्या जागी लवकरच दुसरी खार येते, कारण पेरूचे झाड तेथेच असते. प्राणी हलवण्याचे परिणाम कोठवर जाऊ शकतात, याची साक्ष इंग्लंड देते. उत्तर अमेरिकेतील करड्या खारी शोभेसाठी तेथे आणण्यात आल्या आणि १८७६ मध्ये चेशर परगण्यात सोडण्यात आल्या. पुढे त्या इतक्या वाढल्या, की तेथील मूळची तांबडी खार बहुतेक भागांतून नाहीशी झाली. आपली पाच पट्ट्यांची खारदेखील असाच प्रवास करून आली आहे. १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून ती बाहेर सोडण्यात आली आणि त्या परिसरात तिने कायमचा संसार थाटला.

मग निश्चित उपाय कोणता? तो दिसावयास अगदी साधा आहे : खारीची वाट अडवावी आणि तिला बोलावणारी वस्तू झाकावी. पेरलेल्या कुंडीवर अर्ध्या इंचाहून मोठी छिद्रे नसलेली तारेची जाळी बसवावी आणि रोपांना चांगली पाने फुटेपर्यंत ती काढू नये. खारीला दाणे हवे असतात. दाण्याचे रोप झाले, की तिचा त्यातील रस बराच कमी होतो. जाळी धातूचीच हवी. प्लॅस्टिकची जाळी ती कुरतडते आणि नायलॉनच्या सैल जाळ्यात तिचे पाय अडकतात. पेरू, डाळिंब, सीताफळ यांची फळे पक्व होऊ लागताच प्रत्येक फळास जाड कापडाची पिशवी बांधावी. पिशवीने फळमाशीपासूनही रक्षण होते. एकेक फळ बांधणे कंटाळवाणे असते, यात शंका नाही. म्हणूनच हा उपाय सर्वांना ठाऊक असूनही फार थोडे लोक तो करतात.

झाड एकटे उभे असेल, तर त्याच्या खोडाभोवती माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळतात. नारळाच्या बागांतून उंदीर वर चढू नयेत म्हणून असे पत्रे लावण्याची पद्धत आहे. पत्र्यावर नख रुतत नाही. परंतु त्याच झाडाची फांदी गच्चीला टेकलेली असेल, तर पट्टा व्यर्थ होय, कारण खार खालून न येता वरून येईल. आधी फांदी छाटावी, मग पट्टा बांधावा. खोड वाढत असते, म्हणून पट्टा वर्षातून एकदा सैल करावा, नाहीतर तो सालीत रुततो. वाळवणावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधले, तर कावळे दूर राहतात, खारीला मात्र ते पुरत नाही. तिच्यासाठी वाळवणाची वेळच साधावी लागते. खार सकाळी आणि दुपार कलल्यावर अधिक हिंडते आणि भर उन्हात सावलीत पडून राहते. राखण करणाऱ्या मुलाने याच दोन वेळा सांभाळाव्या.

एप्रिलच्या कडक उन्हात बागेच्या दूरच्या कोपऱ्यात, झाडाखाली पाण्याचे परळ भरून ठेवले, तर कोवळे कोंब आणि पाण्याच्या नळ्या यांवरचे संकट पुष्कळ टळते. परळ उथळ असावे आणि त्यातील पाणी रोज बदलावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते. शिवाय पाण्याला येणारी खार बागेतील किडेही टिपते. सावरीच्या फुलांत मध प्यायला शिरताना तिच्या मिशांना पराग लागतात आणि ते या फुलावरून त्या फुलावर जातात.

राहिला प्रश्न ओसरीचा. ओसरीच्या छपरात, दिव्याच्या आडोशाला किंवा भिंतीतल्या जुन्या छिद्रात खार घरटे करते. पायपुसण्याचा काथ्या, जुन्या गादीतील कापूस, दोरीचे धागे असे जे मिळेल ते ती ओढून नेते. कुंडीवर पसरलेला नारळाचा काथ्या रोज थोडाथोडा कमी होऊ लागला, तर चोर दूर शोधावयास नको! घरटे दिसताच ते काढून टाकण्याची आणि छिद्र सिमेंटने बुजवण्याची घाई होते. याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक घडते. खारीला एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात. ती जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. ती किती बारीक आवाजात ओरडतात, हे छिद्राला कान लावल्यावाचून कळत नाही. अशा वेळी छिद्र बुजवले, तर पिल्ले आत कोंडून मरतात. आईला बाहेर कोंडले, तर ती दिवसभर भिंत खरवडत राहते.

यासाठी दोन-तीन दिवस दुरून पाहणी करावी. एकच खार दिवसातून अनेकदा त्याच छिद्रात ये-जा करीत असेल, तर आत पिल्ले आहेत असे समजावे आणि काम पुढे ढकलावे. पिल्ले स्वतः बाहेर पडून खाऊ लागण्यास साधारण दोन ते अडीच महिने लागतात. तेवढ्यात ओसरीच्या खांबावर एक-दोन लहान तोंडे डोकावू लागतात, ती मोठीच्या मागोमाग फांदीवर जाऊ लागतात आणि हळूहळू रात्रीही परतेनाशी होतात. मग छिद्राच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा एक बोळा सैलसा कोंबून ठेवावा. आत कोणी असेल, तर ते बोळा ढकलून बाहेर येईल. तीन दिवस बोळा जागचा हलला नाही, तर घरटे रिकामे आहे. त्यानंतर जुना काथ्या काढावा, छिद्रात तारेची जाळी दाबून बसवावी आणि वरून गिलावा करावा. केवळ मऊ गिलावा केला, तर खारीचे दात तो पुन्हा उकरतात. गिलावा वाळतो तोवर एखादी खार तेथे येऊन भिंत हुंगते, इकडेतिकडे पाहते आणि शेजारच्या जांभळीवर निघून जाते.